दुसऱ्या अंकातलं पाणी

वणीत एकेकाळी फक्त संगीत नाटक आणि नृत्य यांनाच वाहिलेलं एक नाट्यमंदिर होतं, असं मी सांगितलं की आमच्या सूनबाईंना वाटतं, सासूबाईंचं आता वय झालं. तिचा दोष नाही. आज त्या जागी लग्नाचा हॉल आहे, बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या चळती लागलेल्या असतात आणि आत कानठळ्या बसवणारा डीजे वाजतो. पण होतं, बाई, नाट्यमंदिर होतं. आणि मी त्यात नायिका होते. एकाच नाटकात, एकाच प्रयोगात, पण होते. कोणी विचारत नाही म्हणून मीच लिहून ठेवते आहे.

ते मंदिर मुळात रुईचं गोदाम होतं. आमच्याकडच्या कापसाच्या जिनवाल्या शेठजींनी नवं मोठं गोदाम बांधलं तेव्हा जुनं रिकामं पडलं. त्यात घुशी शिरण्याआधी नानासाहेब वकील शिरले. नानासाहेब म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ. कोर्टात त्यांचं फारसं चालत नसे, म्हणून बाकी सगळीकडे ते चालवून घेत. शाळेच्या समितीवर तेच, वाचनालयावर तेच, कोणी मोठा माणूस वारला तर शोकसभेत पहिलं भाषण त्यांचंच. त्यांनी शेठजींच्या गळी उतरवलं की पुण्या-मुंबईकडे आहे तसं एक कलामंदिर वणीत हवं, आणि त्यात सिनेमा, तमाशा, कव्वाली असलं काही होता कामा नये. शेठजींना गाण्यातलं काही कळत नव्हतं, पण दारावर आपल्या वडिलांचं नाव लागणार एवढं कळलं, आणि त्यांनी मान डोलावली. मग एका टोकाला विटांचा ओटा बांधून त्याला रंगमंच म्हणाले, मखमलीचा पडदा आणला, आणि दारावर पाटी लावली : ‘येथे केवळ अभिजात संगीत नाटके व नृत्ये होतील.’ खाली दुसरी ओळ नानासाहेबांच्या खास आग्रहाची : ‘वन्स मोअर हा रसिकांचा हक्क असून तो पाळला जाईल.’ पण गोदामाने आपला स्वभाव सोडला नाही. वरच्या तुळयांवर वर्षानुवर्षांची रुई बसलेली होती. नटाने तान वर नेली की तिथून एखादा पांढरा पुंजका सुटायचा आणि तरंगत तरंगत खाली यायचा. पुढच्या रांगेतले लोक गाणं ऐकण्याऐवजी तो कोणाच्या तोंडात जातो हे पाहत बसायचे.

पहिल्या वर्षी दिवाळीनंतर झरीकडची कोलाम आदिवासी माणसं दंडार घेऊन आली. दिवाळीत गावोगाव नाचत फिरायची त्यांची रीतच. कोणीतरी त्यांना सांगितलं की नाचासाठी नवं घर बांधलंय, म्हणून बिचारी ढोल, मोरपिसं घेऊन थेट दारात उभी राहिली. नानासाहेब बाहेर आले आणि म्हणाले, “बाबांनो, हे नृत्याचं मंदिर आहे. तुमचं ते नाचणं.” त्या लोकांना फरक कळला नाही. मला अजूनही कळलेला नाही. पुढे त्याच मंदिरात कचेरीतले तीन कारकून कमरेला पळसाची पानं बांधून ‘वनकन्यांचं नृत्य’ करायचे, आणि त्याला मात्र टाळ्या पडायच्या.

तर त्या कारकुनांतच गंगाधरराव होते. वयाने पन्नाशीच्या आसपास, अंगाने भरलेले, आणि गेली कित्येक वर्षं वणीतल्या प्रत्येक नाटकाची नायिका. दसरा झाला की ते मिशी उतरवायचे आणि होळीनंतर पुन्हा ठेवायचे. चांगल्या घरची बाई नाटकात उभी राहणार नाही, आणि उभी राहील ती चांगल्या घरची नसणार, असं नानासाहेबांचं गणित होतं. त्यातून मार्ग म्हणून गंगाधरराव. आवाज मात्र त्यांचा खरोखर गोड होता. खोटं कशाला बोलू? नानासाहेबांनी स्वतः लिहिलेलं ‘संगीत वनबाला’ हे नाटक त्यांच्याच आवाजासाठी लिहिलेलं होतं. राजा शिकारीला जातो, वाट चुकतो, तहानेने व्याकूळ होतो. वनबाला त्याला कलशातून पाणी देते, तो पितो, आणि ते पाणी पिऊन त्याला इतकं प्रेम होतं की तो सात कडव्यांचं पद म्हणतो. तिसऱ्या अंकात ऋषी दोघांचा हात हातात देतात आणि पडदा. एवढंच. पण नानासाहेब म्हणायचे की या नाटकातला काना-मात्रा हलवणं म्हणजे देवळाची वीट काढणं. आणि त्याच वर्षी गंगाधररावांनी कवळी बसवली. मग काय, ‘सख्या सजणा’ म्हणताना शिट्टी वाजायला लागली. एकदा तालमीत तान घेताना वरची कवळी सुटून पेटीवर पडली. पेटी वाजवणारे उस्मानचाचा दिवसा सायकली दुरुस्त करायचे, त्यांनी ती शांतपणे रुमालाने पुसली, परत दिली आणि म्हणाले, “पंडितजी, सुर यहीं छूट गया था.”

आता आमच्या घराकडे येते. आमचं घर जिनाच्या मागच्या वस्तीत होतं. सकाळी जिनाचा भोंगा झाला की माझे वडील, आम्ही त्यांना बा म्हणायचो, अंगात सदरा घालत घराबाहेर पडत, आणि माय चुलीवर भाकर टाकत असे. भाकरीच्या थापेचा आवाज, लांबून जिनाची घरघर, आणि आंबाडीच्या भाजीला लसणाची फोडणी. आजही कुठे आंबाडी शिजताना वास आला की मी सतरा वर्षांची होते. बा तेव्हा जिनाच्या प्रेसवर रुईच्या गाठी बांधायचे, पण त्याआधी आमच्या घरात सनई होती. बाचे वडील, त्यांचे वडील, सगळे लग्नात वाजवणारे. मांडवाच्या बाहेर बसायचं, आत वरात गेली की वाजवायचं, आणि जेवण उरलं की वेगळ्या पत्रावळीवर बाहेरच. दीक्षा झाली तेव्हा वस्तीने ठरवलं की आता कोणाच्या दाराबाहेर बसून वाजवायचं नाही. बाने सनई पुसली, फडक्यात गुंडाळली आणि आड्याला बांधून ठेवली. त्यानंतर त्यांनी ती फक्त बुद्धजयंतीला काढली, आपल्याच माणसांत, खुर्चीवर बसून. मायला याचा एकच त्रास झाला. ती म्हणायची, “धरम बदलला ते चांगलंच झालं बाप्पा, पण लग्नाघरून येणारी बुंदी बंद झाली.” बा हसायचे नाहीत. बा या विषयावर कधीच हसले नाहीत. माझं नावही तेव्हा बदललं. शाळेत मी विशाखा झाले, पण माय शेवटपर्यंत मला चंद्रीच म्हणत राहिली, कारण तिच्या मते नाव बदललं तरी हाक तीच लागते.

मी शाळेच्या संमेलनात गायले आणि नानासाहेबांनी ते ऐकलं. आठवड्याभराने ते आमच्या दारात. वस्तीतली पोरं गोळा झाली, कारण वकीलसाहेब आमच्या गल्लीत फक्त निवडणुकीला यायचे. मायने लगबगीने बाज टाकली, तिच्यावर सतरंजी घातली, चहा ठेवला. नानासाहेब बाजेवर टेकले, पण असे की टेकलेही आणि नाहीही. मग त्यांनी सांगितलं की यवतमाळहून कलेक्टरसाहेब नाट्यमंदिर पाहायला येणार आहेत, जिल्ह्यातलं हे असं एकच कलामंदिर आहे, आणि गावाची इभ्रत आता तुमच्या मुलीच्या गळ्यात आहे. “कलेला जात नसते, दौलतराव,” ते म्हणाले. बाला आयुष्यात पहिल्यांदा कोणी ‘राव’ लावलं असेल. समोर चहाची कपबशी होती. चहावर साय धरत होती. नानासाहेब चहाकडे पाहत होते, चहा नानासाहेबांकडे.

“चहा घ्या नं, साहेब,” माय म्हणाली.

“आत्ताच घेतला हो. दोनदा झाला की पित्त होतं.”

बा त्या कपबशीकडेच पाहत होते. मी दाराआड उभी होते. मला गायचं होतं. किती गायचं होतं ते आज शब्दांत सांगता येणार नाही; त्या ओट्यावर, त्या दिव्यांत, चेहऱ्याला रंग लावून, सगळ्या गावासमोर. मनात म्हणत होते, बा, चहाकडे पाहू नका, माझ्याकडे पाहा.

“पोरगी गाईन,” बा शेवटी म्हणाले. “पण माही एक अट हाय. तुमच्या पोथीत जसं लिहेल हाय, तसंच झालं पाह्यजे. माह्या पोरीसाठी त्यातलं काही वगळाचं नाई, काही बदलाचं नाई.”

नानासाहेबांना तर गहिवरूनच आलं. आपल्या नाटकाची अशी कदर करणारा माणूस त्यांना जिनाच्या वस्तीत सापडला होता. “शब्द देतो,” ते म्हणाले, “काना-मात्रा हलणार नाही.” आणि आपण स्वतःच काय लिहून ठेवलं आहे हे त्यांच्या लक्षात यायला तालीम दुसऱ्या अंकापर्यंत पोचावी लागली.

राजाचं काम त्यांचा पुतण्या मधुकर करत होता. उंच, गोरा, कॉलेजात नापास झाल्यामुळे घरी बसलेला, आणि गळा चांगला. पहिला अंक झकास बसला. दुसऱ्या अंकात मधुकर म्हणाला, “हे वनबाले, प्राण कंठाशी आले आहेत, जल दे!” मी तालमीतला रिकामा कलश पुढे केला. आणि तो थांबला. त्याने काकांकडे पाहिलं. काकांनी पोथीकडे. पोथीत स्पष्ट होतं : ‘राजा कलश ओठांना लावून आकंठ पाणी पितो.’ गंगाधरराव वनबाला असताना हे वाक्य निरुपद्रवी होतं. गंगाधररावांना या वर्षी ऋषी केलं होतं, ते कोपऱ्यात कवळी हातात घेऊन बसले होते आणि एकदम खोकायला लागले.

नानासाहेबांची बुद्धी मात्र वकिली. ते म्हणाले, “असं करू. राजा ओंजळ धरेल, वनबाला वरून धार धरेल. जास्त काव्यमय वाटेल.” मधुकर खाली वाकला, ओंजळ तोंडाशी धरली, मी वरून कलश तिरपा केला. आणि दारात मला न्यायला आलेले बा मोठ्याने हसले. मी म्हटलं ना, ते हसत नसत. पण तेव्हा हसले.

“साहेब,” बा म्हणाले, “असं तं आमचा बुढा तुमच्या विहिरीवर पाणी पेत होता. वाकून, ओंजळीनं, वरून धार. आता तुमचा राजा अगदी आमच्यावानी दिसून राह्यला.”

उस्मानचाचांनी पेटीत तोंड घातलं. मधुकर ताडकन सरळ झाला. ओंजळीचं काव्य तिथेच संपलं. मग नानासाहेबांनी ठरवलं की कलश रिकामाच ठेवायचा आणि मधुकरने तो ओठांपासून चार बोटं दूर धरून प्यायल्याचा अभिनय करायचा.

“पोथीत तं पितो असं लिहेल हाय,” बा म्हणाले.

“अहो, नाटक आहे ते! नाटकात मरणारा माणूस खरा मरतो का?”

“नाई मरत साहेब. पण पाणी पेल्यानंही कोणी मरत नाई.”

“कलशात पाणी असतं असं मी कुठे लिहिलंय?” नानासाहेब गरजले. आणि हे खरं होतं. लिहिलेलं नव्हतं. बा दारातून मागे फिरले. परत येताना रस्त्यात त्यांनी मला विचारलं, “तुले गायचंच हाय का चंद्रे?” मी हो म्हटलं. ते म्हणाले, “मंग मी तुले नाई म्हणत नाई. पण मले ते बघवणार नाई, पोरी. तो भांडं दूर धरून राह्यला असन आन् लोक टाळ्या वाजवून राह्यले असन, ते माह्यानं बघणं होणार नाई.” दीक्षा घेताना ज्या माणसाचा आवाज सगळ्यांच्या वर गेला होता, त्याचा आवाज त्या दिवशी इतका खाली गेला की मला रडू आलं. नाटक सोडावं असंही मनात आलं, पण सोडवलं नाही. रात्रभर मी कूस बदलत होते आणि माय अंधारात जागी होती.

प्रयोग पौषातल्या एका रविवारी, दिवसा चारला ठेवला होता, कारण साहेबांना यवतमाळला परतायचं होतं. मी निघाले तेव्हा माय विहिरीवरून आली. तिच्या हातात आमचा पितळी लोटा होता, चिंचेने घासून लख्ख केलेला, आणि काठोकाठ भरलेला. वर फडकं बांधलेलं.

“हे घेऊन जाय. तुह्या कलशात ओत.”

“माय, तो रिकामाच ठेवायचा आहे.”

“रिकामं भांडं घेऊन कोणाच्या समोर जाऊ नाई. अपशकुन होते.”

“आपण शकुन-अपशकुन सोडले ना?”

“आपण सोडले. त्यायनं कुठं सोडले?” माय म्हणाली आणि लोटा माझ्या हातात दिला.

नाट्यमंदिर खच्चून भरलं होतं. पुढे साहेब, मद्रासकडचे, मराठी न येणारे. त्यांच्या शेजारी नानासाहेब, समजावून सांगायला. मागे बायका, त्यात मधुकरची आई, नथ घालून. आणि अगदी मागे जमिनीवर जिनातले कामगार आणि आमची अख्खी वस्ती. बा येणार नाहीत असं मला वाटलं होतं, पण भिंतीला टेकून उभे होते, हातांची घडी घालून. झरीकडचे काही लोकही बाजाराला आलेले तसेच आत शिरले होते. पहिल्या अंकात कारकुनांनी पळसाची पानं हलवत वनकन्यांचं नृत्य केलं तेव्हा ते इतके हसले की डोळे पुसायला लागले. साहेबांना वाटलं, विनोदी प्रवेश आहे. त्यांनीही हसून घेतलं.

मी गायले. चांगलं गायले, हे मला तेव्हाच कळलं, कारण वरून रुईचा पुंजका आला आणि कोणीही त्याच्याकडे पाहिलं नाही. दोन पदांना वन्स मोअर मिळाला. माझ्या अंगात काहीतरी असं भरून आलं की मी बाला, मायला, पाण्याला, सगळ्यांना विसरले. मग दुसरा अंक लागला. मधुकर लटपटत आला, “हे वनबाले, प्राण कंठाशी आले आहेत, जल दे!” म्हणाला, आणि रिकामा समजून त्याने कलश एका हाताने बेफिकीर उचलला. तो जड निघाला. हात एकदम खाली आला, आणि पाण्याचा एक मोठा हबका त्याच्या जरीच्या अंगरख्यावर आला. सगळ्या गोदामाने ते पाणी पाहिलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. मग त्याने ठरल्याप्रमाणे कलश ओठांपासून चार बोटं दूर धरला, मान मागे टाकली, गळ्याची घाटी वरखाली केली, आणि कलश खाली घेतला. आता माझं वाक्य होतं. ‘महाराज, तहान शमली ना?’ ते झालं की त्याचं सात कडव्यांचं पद सुरू होणार. विंगेतून मला हलक्या आवाजात वाक्य सांगितलं जात होतं. मला पाठ होतं. मी बोलले नाही.

हे मी ठरवून आले नव्हते, शपथेवर सांगते. पण त्याचे कोरडे ओठ दिसत होते, आणि त्याला विचारायचं, तहान शमली का? तोंडातून शब्दच निघेना. मी नुसती त्याच्या ओठांकडे पाहत उभी राहिले. उस्मानचाचांनी पेटीवर षड्ज धरला. तोच सूर, पुन्हा तोच, पुन्हा तोच. मधुकरने दुसऱ्यांदा खोटं खोटं पाणी प्यायलं. मी तशीच उभी.

मग त्या शांततेत साहेबांचा आवाज आला. नानासाहेबांना ते हळूच विचारत असावेत, पण हुकूम देण्याची सवय असलेल्या माणसाचं हळू बोलणंही शेवटच्या रांगेपर्यंत जातं.

“वकील साहब, ये पानी क्यों नहीं पी रहा है?”

“नाटक है, साहेब.”

“हां, मगर प्यास तो लगी है ना? पानी भी है. तो पीता क्यों नहीं?”

नानासाहेब कोटाची बटणं चाचपायला लागले. सांगणार काय? समोर सरकार बसलेलं, आणि आदल्याच तासात त्याच सरकारसमोर ‘कलेला जात नसते’ हे भाषण झालेलं. मागून जिनातला कोणीतरी ओरडला, “अबे पेऊन घे नं राजा, काहून ताटकळून राह्यला!” दुसरा म्हणाला, “तहानेनं मरन ना बे तो!” बायकांतून मधुकरची आई अर्धी उठली होती. तो तिच्याकडे पाहत होता. मग काकांकडे. मग त्याने डोळे मिटले, एखाद्याने एरंडेल घ्यावं तसा कलश दोन्ही हातांनी धरला, ओठांना लावला आणि प्यायला. घटघट. पाणी हनुवटीवरून छातीवर ओघळलं.

“महाराज,” मी म्हणाले, “तहान शमली ना?”

गोदाम कडाडलं. आणि त्या टाळ्यांत, मागच्या भिंतीपासून एक आवाज आला, जो मी जन्मात विसरणार नाही. सनई फुंकून फुंकून भरदार झालेल्या छातीचा आवाज.

“वन्स मोअर!”

बा होते. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण पाटी त्यांनी वाचली होती. मग सगळी वस्ती उठली, जिनातले उठले, झरीकडचे लोकही, काय चाललंय ते न कळताच, उठले. “वन्स मोअर! पाण्याले वन्स मोअर!” पदांना मिळतो, नृत्याला मिळतो, पण पाणी पिण्याला वन्स मोअर मिळालेलं ते मराठी रंगभूमीवरचं एकमेव नाटक असावं. साहेबही हौसेने म्हणाले, “वन्स मोअर!” आणि मग रसिकांचा हक्क पाळावाच लागला. मधुकर दुसऱ्यांदा प्यायला. या वेळी त्याने डोळे मिटले नाहीत. त्यानंतरचं सात कडव्यांचं पद तो असं गायला की त्याआधी कधी गायला नव्हता. उस्मानचाचा नंतर म्हणाले, “गला तर था, मियां.” त्यांच्या भाषेत तर म्हणजे ओला.

या सगळ्याचं पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते, कारण मला शेवट तिसऱ्या अंकावर करायचा आहे. समितीची बैठक बसली. नानासाहेबांनी ठराव मांडला की संगीत नाटकाने अभिरुची बिघडते, सबब यापुढे हे मंदिर केवळ नृत्याला वाहिलेलं राहील. नृत्यात कोणी कोणाला पाणी पाजत नाही, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. पाटी रंगवून घेतली, त्यात वन्स मोअरची ओळही गेली. मग नृत्यशिक्षक आणले, पण चांगल्या घरच्या मुली नाचायला येईनात, आणि आमच्याकडच्या मुलींना बोलावायचं धाडस पुन्हा कोणी केलं नाही. कारकून म्हातारे झाले. दोन-तीन वर्षांत शेठजींनी तिथे पुन्हा रुईच्या गाठी ठेवल्या. मी केळापूरकडे शाळेत मास्तरीण झाले आणि आयुष्यभर मुलांकडून कविता पाठ करून घेतल्या. मला नाटकात परत कोणी बोलावलं नाही. याचा राग आहे का? आहे. आजही आहे. नानासाहेबांच्या नावाने वाचनालयाजवळ चौक केला, त्या चौकातून जाताना मी अजून पदर सावरत नाही.

तर तिसरा अंक. मध्यंतर लांबलं, लांबतच गेलं. मी विंगेत उभी होते आणि मागच्या आवारातून विहिरीच्या रहाटाचा करकर आवाज, मग बादली रिती केल्याचा आवाज येत होता. पुन्हा रहाट, पुन्हा बादली. मधुकरच्या आईने त्याला नेलं होतं. पौषाची थंडी, दिवेलागण झालेली, आणि जिनाच्या विहिरीचं बर्फासारखं पाणी. त्यांनी राजाला शुद्ध करून परत पाठवला. मुकुटाखालून केस निथळत होते, ओठ निळे, अंगाला गोमूत्राचा वास, आणि दात असे वाजत होते की गंगाधररावांच्या कवळीलाही स्पर्धा. आणि आता पोथीप्रमाणे पाणिग्रहण होतं. घरच्यांना आंघोळीच्या घाईत ते आठवलंच नव्हतं.

तालमीत यावर तोड काढलेली होती. ऋषी झालेले गंगाधरराव आमच्या दोघांच्या हातांमध्ये उपरण्याचा पदर धरायचे, म्हणजे हात हाताला लागणार नाही. त्यांनी मंत्र म्हणत, शिट्ट्या वाजवत, उपरणं पुढे केलं. मधुकरने ते बाजूला सारलं आणि माझा हात धरला. सरळ. समोर त्याची आई बसलेली असताना. हात गारठलेला होता.

“लय थंडी आहे का?” मी ओठ न हलवता विचारलं.

“मरून राह्यलो,” तो म्हणाला. “आता घरी गेलं की हे पुन्हा हायच. घट्ट धर, म्हणजे आंघोळ फुकट तं जाणार नाई.”

मी घट्ट धरला. पडदा पडला. टाळ्या बाहेर चालू होत्या, आत दिवे विझवायला लागले होते, गंगाधरराव कवळी काढून डबीत ठेवत होते. आम्ही दोघं अजून तसेच उभे होतो, आणि पोथीत असं कुठेच लिहिलेलं नव्हतं.